तिसऱ्या खेपेचा मुलगा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत, ते मुलांना नावापेक्षा नात्यानं ओळखत, असं त्यांचे विद्यार्थी मला आत्ताच सांगत होते. ‘तू अमक्याचा पाठचा ना?’ ‘तू मधली की शेंडेफळ?’ आयटी पार्क येण्याआधी मुळशी तालुक्यातल्या या हिंजवडी गावात एकाच घरातली चार-पाच भावंडं एकामागून एक त्याच शाळेत येत. गुरुजींना थोरल्यावरून धाकट्याचा अंदाज यायचा आणि कधी कधी तो साफ चुकायचाही.

माझा आजचा विषय गुरुजींच्या त्या प्रश्नापासूनच सुरू होतो. थोरला, मधला, धाकटा, शेंडेफळ. भावंडांमधली ही जागा आणि माणूस मोठेपणी कुणाकडे ओढला जातो, स्त्रीकडे की पुरुषाकडे, यांचा काही संबंध असतो का? विषय अवघड वाटेल. पण हिंजवडीत बोलायचं तर तो इथंच बोलायला हवा. राज्यातून आणि देशभरातून हजारो तरुण इथं नोकरीला येतात, वाकडला आणि माणला फ्लॅट घेऊन राहतात आणि घरून फोन येतो तो स्थळाबद्दल. त्या फोनवर काय उत्तर द्यावं हे ज्यांना कळत नाही, त्यांपैकी काही जण आज या सभागृहातही असतील.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. चिंचवड परिसरात तीस वर्षांहून अधिक काळ बाळंतपणं केली. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. त्यांना तीन मुलगे, तिघेही माझ्याच हातचे. धाकटा इथं एका कंपनीत नोकरीला. त्यानं लागोपाठ तीन स्थळं नाकारली आणि मग एका रात्री आईला सांगितलं की मला मुली आवडत नाहीत, मला मुलगे आवडतात. बाईंनी पर्समधून एक जुना फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. तीन वर्षांचं मूल, अंगात फ्रॉक, केसांना रिबीन, कपाळाला टिकली. ‘डॉक्टर, दोघा मुलांच्या पाठीवर मला मुलगी हवी होती. नऊ महिने मी देवीकडे मुलगीच मागितली. झाला हा. मग हौसेनं मीच त्याला फ्रॉक घातले. हे माझ्यामुळंच झालं ना?’

मी ‘नाही’ म्हणाले. पण त्या ‘नाही’ला भक्कम आधार द्यावा एवढं त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. नंतर मी वाचत गेले. त्या बाईंना द्यायचं राहून गेलेलं पूर्ण उत्तर आज तुमच्यापुढं मांडते.

भावंडांचा क्रम आणि समलिंगी कल यांचा संबंध शास्त्रज्ञांना बराच आधीपासून जाणवत होता. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर लिहिलं होतं. पण नेमका धागा सापडला तो १९९६ मध्ये, कॅनडातल्या रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांना. समलिंगी पुरुषांच्या घरात थोरले भाऊ सरासरीपेक्षा जास्त आढळतात. थोरल्या बहिणी मोजल्या, धाकटे भाऊ मोजले, धाकट्या बहिणी मोजल्या. वजन पडलं ते थोरल्या भावांचं. प्रत्येक थोरल्या भावामागे समलिंगी असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशानं वाढते, असा त्यांचा हिशेब होता.

‘एक तृतीयांशानं वाढते’ हे ऐकून कुणी दचकेल, म्हणून आकडा उलगडून सांगते. थोरला भाऊ नसलेल्या शंभर मुलांपैकी दोघे समलिंगी असतील असं धरू. मग एक थोरला भाऊ असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण २.६ टक्के होतं, दोन असतील तर साडेतीन टक्के, तीन असतील तर साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे तीन-तीन थोरले भाऊ असले तरी शंभरातले पंच्याण्णव जण मुलींकडेच ओढले जातात. यावरून आपल्या घरातल्या एखाद्या मुलाबद्दल काहीही ओळखता येत नाही. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, तर बरेचसे समलिंगी पुरुष घरातले पहिलेच अपत्य असतात किंवा बहिणींच्या पाठीवर जन्मलेले असतात. कॅनडातल्याच संशोधकांच्या २००२ च्या अंदाजानुसार थोरल्या भावांचं हे कारण साधारण सातांतल्या एका समलिंगी पुरुषाला लागू पडतं. उरलेल्या सहा जणांची कारणं वेगळी.

यानंतरचा प्रश्न त्या फ्रॉकचा. थोरल्या भावांचा परिणाम होतो तो कशानं? भावांच्या धाकात वाढल्यामुळं, त्यांच्या दबावानं, की आईनं शेंडेफळ म्हणून लाडावल्यानं? १९६० च्या दशकात अमेरिकेतले मनोविश्लेषक छातीठोकपणे सांगत की आई फार गुंतलेली आणि बाप दूरचा असला की मुलगा समलिंगी होतो. आपल्याकडे हाच विचार वेगळ्या शब्दांत रुजला: ‘बाईच्या पदराला बांधलेला’, ‘बहिणींत वाढलेला’. बोगार्ट यांनी २००६ मध्ये याचीच परीक्षा घेतली. त्यांनी ९४४ पुरुषांची माहिती घेतली. त्यांत दत्तक गेलेले होते, सावत्र भावांबरोबर वाढलेले होते आणि सख्खे भाऊ असूनही त्यांच्यापासून दूर वाढलेलेही होते. संगोपन हे कारण असतं, तर एकाच छपराखाली वाढलेल्या सावत्र आणि दत्तक भावांचाही परिणाम दिसायला हवा होता. तो दिसला नाही. जे सख्खे थोरले भाऊ कधी एका घरात राहिलेच नव्हते, त्यांचा मात्र दिसला. म्हणजे जे काही घडतं ते जन्माआधी, आईच्या पोटात घडतं. फ्रॉक घालायची वेळ येईपर्यंत ते घडून गेलेलं असतं.

पोटात काय घडत असेल, हे समजायला माझ्या पेशातल्या बायकांना फार दूर जावं लागत नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला, की पहिल्या बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर ते परकं समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ सुखरूप असतं. धोका पुढच्या बाळाला. म्हणून तर आम्ही अँटी-डीचं इंजेक्शन देतो. इथं बसलेल्या कितीतरी जणींनी ते घेतलं असेल. आईचं शरीर आधीच्या गर्भाची आठवण ठेवतं, हे आपल्याला नवं नाही.

ब्लँचर्ड आणि बोगार्ट यांचा तर्क त्याच धर्तीचा आहे. मुलग्याच्या गर्भात वाय गुणसूत्रावरून तयार होणारी काही प्रथिनं असतात, ती आईच्या शरीरात नसतात. प्रत्येक मुलग्याच्या वेळी त्यांविरुद्ध थोडी थोडी प्रतिपिंडं साठत गेली, तर पुढच्या मुलग्याच्या मेंदूच्या घडणीवर त्यांचा हलका परिणाम होऊ शकेल. २०१८ मध्ये बोगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. एनएलजीएन-४-वाय नावाच्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं समलिंगी मुलांच्या आयांमध्ये जास्त आढळली. ज्यांच्या समलिंगी मुलाला थोरले भाऊ होते, त्यांच्यात ती सर्वांत जास्त होती. पण अशा आया त्या अभ्यासात होत्या फक्त तेवीस. तेवीस जणींच्या रक्तावर मी पैज लावणार नाही. तर्क सुरेख आहे, पुरावा अजून कोवळा आहे.

आणि मूळ आकड्यांवरही वाद आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये आधीचे सगळे अभ्यास पुन्हा तपासले. कुटुंबाचा आकार नीट हिशेबात धरला तर हा परिणाम अगदी क्षीण होतो, कदाचित तो गणिताच्या मांडणीतून आलेला भास असेल, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आदल्याच वर्षी नेदरलँड्समधल्या नव्वद लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदींतून उलट चित्र समोर आलं होतं. समलिंगी विवाह किंवा नोंदणीकृत सहजीवन करणाऱ्यांमध्ये थोरल्या भावांचं वजन दिसलं, आणि ते पुरुषांसारखंच स्त्रियांमध्येही दिसलं. हे दुसरं निरीक्षण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. वाय गुणसूत्राचा तर्क मुलींना जसाच्या तसा लागू पडत नाही. लेस्बियन स्त्रियांचा अभ्यासच मुळात कमी झाला आहे. बाईच्या इच्छेबद्दल कुतूहल नसण्याची सवय प्रयोगशाळांनाही होती. ‘समलिंगी असण्याचा जीन’ म्हणून जे शोधलं जात होतं, तेही २०१९ मध्ये जवळपास पाच लाख लोकांच्या अभ्यासानंतर निकालात निघालं. असा एकच एक जीन नाही. छोटे छोटे परिणाम करणारे कितीतरी जीन आहेत आणि त्यांच्यावरून कुणा एकाचं भाकीत करता येत नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. इथं मला जे सांगायचं आहे ते कॅनडातल्या आकड्यांत सापडणार नाही.

‘बहिणींत वाढला म्हणून असा झाला’ हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलं आहे की ते सगळीकडे एवढं खरं का वाटतं, याचा मी विचार करत राहिले. याचं उत्तर आपल्याला मुलगा हवा असण्यात आहे. कुटुंब थांबतं कधी? मुलगा झाला की. पहिलाच मुलगा झाला तर कदाचित एकावर, नाहीतर दोनावर. पहिली मुलगी, दुसरी मुलगी, तिसरीही मुलगी झाली, तर वंशाच्या दिव्यासाठी चौथ्यांदा. याच हट्टापायी साताऱ्याकडे मुलींना ‘नकुशी’ नाव ठेवत. २०११ मध्ये तिथल्या जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींचं नव्यानं बारसं केलं. ज्यांना इतकी वाट पाहायची नव्हती ते सोनोग्राफीकडे वळले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला, तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. माझ्या पेशातल्या लोकांचा यात हात होता, हे मी या व्यासपीठावरून शरमेनं सांगते.

यातून भावंडांची जी रचना तयार होते, ती डोळ्यांपुढं आणा. मुलगा झाल्यावर थांबायचं असेल तर शेंडेफळ बहुधा मुलगाच असणार, आणि त्याच्या वर बहिणी असणार. अशा घरांत मुलग्याला थोरला भाऊ क्वचितच असतो. म्हणजे मराठी घरातला समलिंगी मुलगा पाहिला तर त्याच्या वर दोन-तीन बहिणी दिसतील, यात नवल नाही. पण शेजारच्या घरातला, बायको-मुलांत रमलेला, गावात पैलवान म्हणून नाव असलेला मुलगाही तसाच दोन-तीन बहिणींच्या पाठचा असतो. त्याच्याकडे पाहून कुणी बहिणी मोजत नाही. आपण एकालाच मोजतो आणि मोजलेलं खरं मानतो. ज्या बहिणींना आपण नकोशा म्हणून जन्माला घातलं, त्यांच्याच माथी भावाचा कल मारायचा, हा अन्याय दुहेरी आहे.

शिवाय ती मोठी कुटुंबं आता उरलेली नाहीत. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईला सरासरी जवळपास तीन मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ आहे. या आयटी पार्कात काम करणाऱ्या कितीतरी तरुणांना एकच भावंड आहे, काहींना एकही नाही. थोरल्या भावांचा परिणाम खरा असला तरी या पिढीत तो लागू पडायला थोरले भाऊच नाहीत. आणि समलिंगी मुलं-मुली मात्र आहेतच. एकुलती एक आहेत, पहिली आहेत, जुळ्यांतली आहेत. तंतोतंत सारख्या जुळ्यांमध्येही एक समलिंगी आणि दुसरा नाही, असं पुष्कळदा आढळतं.

इथं एक स्पष्टीकरण. मी बोलते आहे ते कुणाबद्दल ओढ वाटते याविषयी. स्वतःला स्त्री मानणं की पुरुष, ही वेगळी गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षकांच्या कामावर घेतलं, त्याचा मला अभिमान आहे. पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांचं उदाहरण मात्र मी सोडणार नाही. तिथं पुरुषांकडे आकर्षित होणारे, बायकांसारखे वावरणारे पुरुष ‘फाफाफिने’ म्हणून समाजात राहतात. संशोधक पॉल वेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथंही थोरल्या भावांचा तोच परिणाम आढळला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली. भाचे-पुतण्यांसाठी वेळ देणं, त्यांना सांभाळणं, त्यांच्या शिक्षणाला हातभार लावणं, यात हे फाफाफिने इतर पुरुषांच्या पुढं होते. इंग्लंड, अमेरिका आणि जपानमध्ये असा फरक सापडला नाही. मला वाटतं, जिथं कुटुंब अशा माणसाला घरात ठेवून घेतं तिथं तो मामा होतो, काका होतो. जिथं हाकलून देतं तिथं भाचरांना त्याचं नावही माहीत नसतं. मामा म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सुट्टी, गाव, आंबे आणि पाठीवर हात हे सगळं त्या एका शब्दात येतं. कितीतरी घरांनी एक मामा गमावला आहे, आणि गमावलाय हेही त्यांना ठाऊक नाही.

ही चर्चा मराठीला नवी नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचकांचे प्रश्न ते छापत आणि त्यांना सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांसाठी १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण लैंगिक प्रश्नांवरचं शास्त्रीय लेखन अश्लील नसतं, ही बाजू बाबासाहेबांनी भर कोर्टात मांडली होती. त्यानंतर विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिलं. २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समलिंगी व्यक्तींसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण दोघंही एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. भावंडांबद्दल मला जे आकड्यांनी सांगायला एवढा वेळ लागला, ते कादंबरीला आधीच ठाऊक होतं: एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी कुणाची ओढ कशी, हे घराला कळत नाही.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र मिळाला नाही. या दोन तारखांच्या मधल्या जागेत आज ही मुलं उभी आहेत: गुन्हेगार नाहीत आणि संसाराची नोंदही नाही. म्हणूनच त्यांच्या घरातल्या माणसांवर इतकं काही अवलंबून आहे.

त्या बाईंच्या मुलाकडे परत येते. वडिलांनी त्याला एका डॉक्टरकडे नेलं होतं. त्या डॉक्टरनं सहा महिने गोळ्या आणि इंजेक्शनं दिली, ‘बरा होईल’ म्हणून सांगितलं. मुलगा झोपेनासा झाला, नोकरी जाता जाता वाचली. माझ्या व्यवसायातल्या माणसानं हे केलं, याचा मला आजही संताप येतो. समलिंगी असणं हा आजार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये मान्य केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं असा ‘कल बदलण्याचा उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असं करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. हे घरी जाऊन सांगा.

एक गोष्ट मला जपून मांडायला हवी. ‘जन्माआधीच ठरतं, म्हणून दोष नाही’ हे ऐकून त्या आईला धीर आला, आणि तो यायलाच हवा होता. पण मुलाला घरात जागा आहे की नाही, हे प्रतिपिंडांवर ठरू नये. उद्या व्हिएन्नावाले बरोबर ठरले आणि थोरल्या भावांचा सगळा हिशेब पुसून टाकावा लागला, तरी तो मुलगा त्याच पंगतीत, त्याच पाटावर बसला पाहिजे. डावरा हात कुठून येतो हे नीट न कळताही आपण डावऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल हिसकावणं सोडलं आहे.

त्या घरात पुढं काय झालं ते सांगते. धाकट्याला थोरल्या भावानं सांभाळलं. आधी थोरला महिनाभर बोललाच नाही. मग एका रविवारी धाकट्याच्या फ्लॅटवर गेला, दिवसभर राहिला, दोघांनी वरणभात केला. काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. चैत्रात इथल्या म्हातोबाच्या यात्रेला नातेवाईक जमले. एका आत्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, ‘यंदा धाकट्याचा बार उडवायचा ना?’ थोरला म्हणाला, ‘आत्या, त्याचं लग्न हा विषय आमच्या घरात संपलाय.’ आत्या गप्प बसल्या. धाकटा भाचरांना घेऊन बगाड बघायला गेला होता.

थोरल्या भावानं पोटात असताना धाकट्याचं काय केलं, याचा शोध शास्त्रज्ञ घेत राहतील. जन्मानंतर तो काय करू शकतो, ते मी पाहिलं आहे. म्हणून आजची विनंती आईवडिलांना नाही, इथं बसलेल्या थोरल्या भावांना आणि ताईंना आहे. तुमच्या पाठच्यानं किंवा पाठचीनं कारण न सांगता दुसरं-तिसरं स्थळ नाकारलं असेल, तर वडीलधाऱ्यांची बैठक बसण्याआधी आणि कार्यालयाची तारीख धरण्याआधी एकदा एकट्यानं त्यांच्याकडे जा. विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.